घरातल्या यंत्राचे दोन पत्ते

नेट पुरवणाऱ्याला जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा नेटवरचा पत्ता, घेतला, तरी घरचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही, अशी तक्रार करणारे मला अधूनमधून भेटतात. त्यांचे पैसे वाया गेलेले नसतात. त्यांनी एका पत्त्याचे पैसे भरलेले असतात आणि गरज दोन पत्त्यांची असते. बाहेरच्या जगाला दिसणारा घराचा पत्ता वेगळा, आणि घराच्या आत राउटरने त्या यंत्राला दिलेला पत्ता वेगळा. पहिला विकत मिळतो. दुसरा फुकट असतो आणि तो आपला आपणच पक्का करायचा असतो. उदाहरणाला आमचेच घर घेतो. मी पुण्यात असतो, आई-बाबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी. तिथे चार कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा एक रेकॉर्डर आहे आणि जुने फोटो ठेवलेला, रास्पबेरी पाय नावाचा (पुढे त्याला नुसते 'पाय' म्हणतो), तळहाताएवढा संगणक आहे. पुण्यात बसून ही दोन्ही यंत्रे उघडता यावीत, एवढीच अपेक्षा होती.

जुन्या पुण्यातल्या वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडे असत, पण घरक्रमांक सगळ्यांना मिळून एकच. भाडेकरूच्या पाकिटावर त्याच्या नावाखाली 'द्वारा' लिहून वाड्याच्या मालकाचे नाव घालत. घरातला राउटर म्हणजे अशा वाड्याच्या दारात वही घेऊन बसलेला दिवाणजी आहे असे समजा. आतले एखादे बिऱ्हाड बाहेर पत्र पाठवते, तेव्हा दिवाणजी पाकिटावर वाड्याचा पत्ता घालतो आणि कोणाचे पत्र कोणाकडे गेले हे वहीत टिपून ठेवतो. उत्तर आले की वही पाहून ते त्या बिऱ्हाडाला पोचवतो. मात्र कोणी न मागवलेले पत्र थेट बाहेरून आले आणि ते कोणत्या बिऱ्हाडासाठी आहे हे वहीत नसले, तर दिवाणजी ते टाकून देतो. आतल्या आणि बाहेरच्या पत्त्यांच्या या अदलाबदलीला नॅट म्हणतात. घरातला मोबाइल जगभर फिरून येतो, पण जगातून कोणी घरातल्या रेकॉर्डरपर्यंत पोचू शकत नाही, त्याचे कारण हेच आहे.

बिऱ्हाडांच्या पत्त्यांसाठी काही आकडे जगभर राखून ठेवलेले आहेत. १९९६ सालच्या दंडकानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फक्त घरांच्या नि कचेऱ्यांच्या आत वापरायचे असतात. त्यामुळे आमच्या घरी १९२.१६८.१.७ आहे, तसाच तो शेजाऱ्याकडेही असू शकतो आणि त्यात काही बिघडत नाही. बाहेरच्या इंटरनेटवर या पत्त्यांना अर्थच नाही. (हा लेख देवनागरी आकड्यांत असला तरी राउटरच्या सेटिंगच्या पानावर हे सगळे इंग्रजी आकड्यांत भरावे लागते.)

आधी आतला पत्ता पाहू, कारण माझी पहिली फजिती तिथेच झाली. राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतो, त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. हे पत्ते कायमचे नसतात. ते ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिलेले असतात. यंत्र चालू राहिले तर पट्ट्याचे नूतनीकरण होत राहते आणि पत्ता महिनोन्‌महिने तोच दिसतो. त्यामुळे तो पक्काच आहे असा आपला समज होतो. माझाही झाला होता. जूनमधल्या एका वादळात गावची वीज दीड दिवस गेली. ती परत आल्यावर सगळी यंत्रे एकदम जागी झाली, राउटरने पत्ते नव्याने वाटले, आणि रेकॉर्डरचा १९२.१६८.१.७ हा पत्ता बैठकीतल्या टीव्हीला मिळाला. मी पुण्यातून रेकॉर्डर उघडायला गेलो की माझी विनंती इमानेइतबारे टीव्हीपाशी जाऊन थांबत होती. कॅमेरे बिघडले असावेत असे समजून बाबांनी दोनदा शिडी लावली, ते वेगळेच.

आतला पत्ता पक्का करण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे यंत्राच्या सेटिंगमध्येच पत्ता हाताने भरणे. दुसरी म्हणजे राउटरला सांगून ठेवणे की अमुक यंत्र आले की त्याला अमुकच पत्ता द्यायचा. याला राउटरच्या पानावर बहुधा ॲड्रेस रिझर्वेशन असे नाव असते. मला दुसरी रीत बरी वाटते, कारण सगळी यादी एका जागी दिसते आणि दोन यंत्रांना चुकून एकच पत्ता भरला जाण्याचा संभव राहत नाही. पहिली रीत वापरायचीच असेल, तर राउटर ज्या आकड्यांमधले पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा आकडा निवडावा. उदाहरणार्थ, राउटर पत्त्याचे शेवटचे आकडे १०० ते १९९ वाटत असेल, तर रेकॉर्डरला २० द्यावा. नाहीतर राउटर तोच आकडा एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलला देऊन मोकळा होतो, आणि मग दोन्ही यंत्रे अडखळत चालतात.

राखीव पत्त्यासाठी यंत्र ओळखायची खूण म्हणजे मॅक क्रमांक. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरे यांतून बनलेली ही बारा चिन्हांची खूण यंत्राच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर छापलेली असते. ती मी बाबांकडून फोनवर वाचून घेत होतो. "हे आठ वाटतंय, का बी आहे रे?" असे तीनदा झाले, आणि चौथ्यांदा त्यांनी देवघरातले निरांजन आणून उजेडात पाहिले. हीच खूण राउटरच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत आपोआप दिसते, आणि तिथल्या तिथे एक बटण दाबून पत्ता राखून ठेवता येतो, हे मला नंतर समजले. अलीकडचे मोबाइल मात्र खासगीपणासाठी प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक सांगतात, म्हणून ही युक्ती रेकॉर्डर, प्रिंटर, छोटा संगणक अशा एका जागी बसलेल्या यंत्रांसाठीच वापरावी.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट करून घ्यावी. ती पुढे उपयोगी पडते आणि सहसा कोणी सांगत नाही. बहुतेक राउटर कारखान्यातून १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ही मालिका घेऊन येतात. पुण्यातल्या घरी १९२.१६८.१ आणि गावच्या घरीही १९२.१६८.१ असेल, तर पुढे दोन्ही घरे जोडल्यावर पुण्यातल्या संगणकाने १९२.१६८.१.२० कुठे शोधायचा, याचा त्याला उलगडा होत नाही. तो आपल्याच घरात शोधून परत येतो. म्हणून गावच्या राउटरची मालिका आधीच बदलून काहीतरी आडवळणाची ठेवावी. आम्ही १९२.१६८.४७ ठेवली. राउटर १, पाय १०, रेकॉर्डर २०. अशा एका मालिकेत यंत्रांसाठी २५४ पत्ते मिळतात, आणि तेवढी यंत्रे तर आमच्या अख्ख्या वाडीत नसतील.

आता बाहेरचा पत्ता. सध्या सर्वाधिक रुळलेल्या पद्धतीत, म्हणजे आयपी आवृत्ती ४ मध्ये, पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे जगभरात मिळून ४२९ कोटी ४९ लाखांच्या आसपास पत्ते होऊ शकतात, आणि त्यातलेही बरेच वेगवेगळ्या कारणांसाठी राखीव आहेत. १९८१ साली ही रचना ठरली, तेव्हा घरोघरी पाच-सात यंत्रे नेटला जोडलेली असतील असे कोणाच्या मनात येणे कठीण होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच खंडनिहाय संस्थांना वाटले गेले आणि तो साठा संपला. आशिया-प्रशांत विभागाला पत्ते देणाऱ्या एपनिक या संस्थेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्याचे काटकसरीचे वाटप सुरू केले.

पत्त्यांचा तुटवडा पडल्यावर नेट पुरवणाऱ्यांनी तीच वाड्याची युक्ती एक पायरी वर नेली. आता अख्ख्या आळीचे वाडे मिळून बाहेर एकच पत्ता दाखवतात, आणि आळीच्या तोंडाशी दुसरा, मोठा दिवाणजी बसतो. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. त्यासाठी २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची मालिका स्वतंत्रपणे राखून ठेवण्यात आली. आपल्या घरच्या दिवाणजीला आपण हवे ते सांगू शकतो, पण आळीच्या दिवाणजीवर आपली काही सत्ता चालत नाही. बाहेरून आलेली विनंती त्याच्यापाशीच अडते. स्टॅटिक आयपी विकत घेण्याचा खरा फायदा येथे आहे. पत्ता कायम राहतो हा फायदा आहेच, पण त्याआधी तो पत्ता आपल्या एकट्याचा असतो आणि मधला दिवाणजी दूर होतो, हा मोठा फायदा आहे.

तेव्हा पैसे भरण्याआधी आपली स्थिती तपासावी. राउटरच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या शीर्षकाखाली जो पत्ता दिसतो तो टिपून घ्यावा, आणि मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी कोणता' असे शोधून बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता पाहावा. दोन्ही एकच असतील तर आपण थेट बाहेर आहोत. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर आपण आळीच्या दिवाणजीमागे आहोत. आणि राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर बहुधा घरातच दोन दिवाणजी बसलेले आहेत.

हा तिसरा प्रकार आपल्याकडे फार सापडतो. फायबरची तार घरात येते ती ओएनटी नावाच्या डब्यात, आणि हा डबा स्वतःही राउटरचे काम करू शकतो. त्याचे वायफाय अपुरे पडते म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणून त्याला जोडतो, आणि वाड्याच्या आत दुसरा वाडा उभा राहतो. आमच्याकडे स्टॅटिक आयपी आल्यावरही आठवडाभर काहीच उघडत नव्हते. नेट पुरवणारा म्हणे आमच्याकडून सगळे ठीक आहे, आणि ते खरेही होते. पक्का पत्ता ओएनटीपर्यंत येऊन थांबला होता. शेवटी ओएनटीला ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगितले, म्हणजे त्याने दिवाणजीगिरी सोडून फक्त तार जोडण्याचे काम करायचे, आणि पत्ता थेट आमच्या राउटरला मिळाला. हे काम शक्यतो पुरवणाऱ्याच्या माणसाकडून करून घ्यावे, कारण त्यासाठी लागणारा पासवर्ड बहुधा त्यांच्याचकडे असतो. काही ठिकाणी पक्का पत्ता आपल्या खात्यालाच जोडलेला असतो आणि राउटरमध्ये नेहमीचे युजरनेम-पासवर्ड भरले की पुरते. इतर ठिकाणी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) असे आकडे कागदावर मिळतात आणि ते हाताने भरावे लागतात.

दोन्ही पत्ते पक्के झाल्यावर राहतो तो दरवाजा. एका पत्त्यावर ० ते ६५५३५ असे पोर्ट, म्हणजे खिडक्या, असतात, आणि पाकिटावरच्या भाडेकरूच्या नावाचे काम येथे पोर्टचा क्रमांक करतो. अमुक खिडकीवर येणारे सगळे १९२.१६८.४७.२० कडे पाठव, असे दिवाणजीला सांगून ठेवण्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. बहुतेक लोक रेकॉर्डरची खिडकी अशी थेट उघडतात, कॅमेरे मोबाइलवर दिसू लागतात आणि काम संपले असे मानतात. माझे स्पष्ट मत आहे की असे करू नये.

'आमच्या खेड्यातल्या घरात कोण डोकावणार' हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. डोकावणाऱ्याला खेडे दिसत नाही, त्याला आकडा दिसतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले. वेगवान जोडणी असेल तर ते आवृत्ती ४ चे जगातले सगळे पत्ते पाऊण तासात एकदा ठोठावून येते. अशी ठोठावणी आता रात्रंदिवस चालू असते. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने नेमके हेच केले. कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर अशी यंत्रे शोधून, कारखान्यातून येणारी युजरनेम-पासवर्डची साठेक जोडपी त्यांच्यावर चालवून पाहत त्याने लाखो यंत्रे ताब्यात घेतली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांनी डिन या अमेरिकी कंपनीच्या डीएनएस सेवेवर एकाच वेळी विनंत्यांचा मारा केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे असंख्य लोकांना काही तास उघडेनाशी झाली. त्या यंत्रांच्या मालकांना आपला कॅमेरा या धुमाकुळात सामील होता याचा पत्ताही नसणार. खिडकीचा क्रमांक बदलून ८० ऐवजी ८०८१ केल्याने फारसे काही साधत नाही. ठोठावणारा सगळ्याच खिडक्या ठोठावू शकतो. रेकॉर्डरचा पासवर्ड बदलणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, कारण स्वस्त रेकॉर्डरच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये निघालेल्या चुका कंपनी दुरुस्त करीलच असे नाही. तसेच राउटरमधली यूपीएनपी ही सोय बंद करावी, कारण तिच्यामुळे घरातली यंत्रे आपल्याला न विचारता दिवाणजीकडून परस्पर खिडक्या उघडून घेऊ शकतात.

बरा मार्ग असा की संपूर्ण घरासाठी एकच खिडकी उघडावी आणि तिच्यामागे पक्का पहारेकरी बसवावा. आम्ही त्यासाठी वायरगार्ड हा व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटमधूनच दोन टोकांमध्ये खासगी बोगदा काढण्याचा, प्रोग्रॅम पायवर घातला. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम मार्च २०२० पासून लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यातच समाविष्ट आहे आणि तो मोफत आहे. यात पासवर्ड नसतो. प्रत्येक यंत्र आपल्यासाठी किल्ल्यांची जोडी तयार करते: एक गुप्त, जी त्या यंत्रातून कधीच बाहेर जात नाही, आणि एक उघड, जी समोरच्याला दिली तरी चालते. गावच्या पायपाशी माझ्या मोबाइलची उघड किल्ली नोंदवलेली आहे आणि माझ्या मोबाइलपाशी पायची. ज्याची किल्ली नोंदलेली नाही त्याने ठोठावले, तर वायरगार्ड 'नाही' असेही म्हणत नाही, गप्प राहतो. त्यामुळे तिथे काही आहे हे ठोठावणाऱ्याला समजतच नाही.

राउटरवर मग एकच नोंद उरते: यूडीपी प्रकारचा ५१८२० हा पोर्ट १९२.१६८.४७.१० कडे पाठवायचा. हा आकडा वायरगार्डचा रूढ आकडा आहे. दुसरा घेतला तरी चालतो. मोबाइलवरच्या वायरगार्डमध्ये तीन गोष्टी नीट भराव्या लागतात. पहिली पायची उघड किल्ली, दुसरा घराचा बाहेरचा पक्का पत्ता आणि पोर्ट, आणि तिसरी म्हणजे या बोगद्यातून कोणते पत्ते पाठवायचे त्याची यादी, ज्यात १९२.१६८.४७ ची मालिका आलीच पाहिजे. ही मालिका यादीत घालायची राहिली तर जोडणी झालेली दिसते, पण रेकॉर्डर काही उघडत नाही. याशिवाय बोगद्यातून आलेली पाकिटे घरातल्या इतर यंत्रांकडे पुढे सरकवण्याची परवानगी पायला मांडणीच्या वेळीच द्यावी लागते, नाहीतर आपण पायपर्यंत पोचतो आणि तिथेच राहतो. हे जमले की मी पुण्यात वायरगार्डचे बटण दाबतो आणि माझा मोबाइल जणू गावच्या माजघरात असल्यासारखा वागतो. रेकॉर्डरच्या ॲपमध्ये घरातलाच १९२.१६८.४७.२० हा पत्ता भरलेला आहे.

चाचणी घेताना एक चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. घरातच बसून, घरच्याच वायफायवरून, घराचा बाहेरचा पत्ता उघडून पाहिला जातो आणि तो उघडत नाही म्हणून सगळी मांडणी मोडली जाते. आतून निघालेली विनंती बाहेरचा पत्ता लावून पुन्हा आत वळवणे सगळ्याच राउटरना जमत नाही. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहावे. तीच खरी बाहेरची चाचणी.

स्टॅटिक आयपी घेतल्याशिवाय हे होतच नाही का? होते. राउटरवरचा आणि बाहेरचा पत्ता एकच असेल, पण तो बदलत राहत असेल, तर डायनॅमिक डीएनएस पुरते. घराला एक नाव मिळते, आणि पत्ता बदलला की राउटर किंवा पाय ते नाव नव्या पत्त्याला जोडून देतो. आयपीच्या नव्या पद्धतीत, म्हणजे आवृत्ती ६ मध्ये, पत्ता १२८ बिटांचा असल्याने पत्त्यांची ददात नाही आणि नॅटचीही गरज पडत नाही. भारतात मोबाइल जाळ्यांमुळे तिचा वापर बराच वाढलाही आहे. पण ज्या ठिकाणाहून घर उघडायचे तिथेही आवृत्ती ६ असावी लागते. मोबाइलवरून काम होते आणि कचेरीतल्या वायफायवरून अडते, असा अनुभव येऊ शकतो. आळीच्या दिवाणजीमागे अडकलेल्यांसाठी टेलस्केलसारख्या सेवा आहेत, ज्यात दोन्ही टोके आतून बाहेर येऊन एकमेकांना गाठतात आणि कोणतीही खिडकी उघडावी लागत नाही. एक-दोन माणसांनी अधूनमधून कॅमेरे पाहायचे असतील, तर मी हल्ली अशीच सेवा आधी वापरून पाहायला सांगतो आणि स्टॅटिक आयपीचे पैसे वाचवायला सांगतो. घरून लहानसा धंदा चालवणारा, कचेरीच्या फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहाऱ्यात) आपला पत्ता नोंदवावा लागणारा किंवा तिऱ्हाइताच्या सेवेवर विसंबून राहणे नको वाटणारा, यांच्यासाठी मात्र पक्का पत्ता योग्य आहे.

कोकणात या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न विजेचा. ओएनटी, राउटर आणि पाय ही तिन्ही यंत्रे इन्व्हर्टरवर असली पाहिजेत; दोन चालू आणि एक बंद असून उपयोग नाही. पाय वीज येताच आपोआप सुरू होतो. त्याऐवजी जुना डेस्कटॉप वापरत असाल, तर वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय त्याच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) निवडून ठेवावा लागतो. राउटर बदलला किंवा कोणी त्याच्या मागचे रिसेटचे छिद्र टोचले की राखीव पत्ते, मालिका आणि पोर्टची नोंद हे सगळे पुसले जाते. म्हणून बाबांनी हे आकडे दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवले आहेत; पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या मात्र तिथे नाहीत. मोबाइल हरवला तर पायवर जाऊन त्या एका मोबाइलची उघड किल्ली पुसायची; बाकीच्यांच्या जोडणीला धक्का लागत नाही. गेल्या वर्षी बहिणीचा मोबाइल एसटीत राहिला, तेव्हा हे काम मी पुण्यातूनच, चहा गरम होता तोवर, उरकले होते.